निकालाआधी ठरवायची गोष्ट

परीक्षेच्या ताणाबद्दल बोलायला बसलं की बोलणं लगेच वेळापत्रकावर जातं. किती वाजता उठायचं, किती तास वाचायचं, मोबाइल कुठे ठेवायचा. माझ्यासमोर येणारी मुलं मात्र वेगळ्याच गोष्टीने धास्तावलेली असतात. पेपर बिघडला तर पुढे आपलं काय होणार, हे त्यांना माहीत नसतं, आणि घरात विचारायची सोय नसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्याआधी ही धास्ती मी स्वतः भोगली आहे. तिच्यातून बाहेर कशी आले ते सांगते, म्हणजे पुढचं बोलणं कुठून आलं ते कळेल.

मी १९९६ची बारावी. गाव दारव्ह्याकडचं, घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. दहावीला चांगले गुण पडले म्हणून बाबांनी मला विज्ञान शाखेला यवतमाळला ठेवलं, आर्णी रोडला राहणाऱ्या आत्याकडे. गावातून शिकायला बाहेर पडलेली घरातली पहिली मुलगी मी. तेव्हा सीईटी नव्हती; ती पुढे आली. मेडिकल असो की इंजिनिअरिंग, सगळं बारावीच्या गुणांवर ठरायचं. तीन तासांच्या एका पेपरात आयुष्य अडकलेलं आहे असं आम्हाला सगळेच सांगायचे, आणि त्यात फार खोटंही नव्हतं.

माझ्यासाठी त्या पेपराला आणखी एक शेपूट होतं. काकांनी ऐन दिवाळीत, सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं होतं, की पोरगी बारावीला गचकली तर उन्हाळ्यात लग्न उरकून टाकायचं. बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा मी लावला. तो बरोबर आहे का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

शिकवणीची फी हप्त्याने चालली होती. आमचा कापूस फेडरेशनला जायचा. राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२पासून होती आणि चुकारा तुकड्या-तुकड्याने हाती यायचा. चुकारा आला की फी जायची, लांबला की शिकवणीत उभं राहावं लागायचं. ती शिकवणी चाचणीच्या गुणांप्रमाणे बसवायची: वरचे पुढे, खालचे मागे. दर चाचणीनंतर आपलं दप्तर उचलून सगळ्या वर्गासमोर जागा बदलायची. माझी जागा दिवाळीनंतर मागे मागे सरकत गेली. घरी कुणाला काही कळलं नाही. माय गावाहून एसटीच्या कंडक्टरजवळ डबा पाठवायची, भाकर, ठेचा, कधी तिळाची चटणी. रिकामा डबा परत जाताना त्यात मी चिठ्ठी टाकायची, की अभ्यास चांगला चालला आहे.

जानेवारीत झोप गेली. रात्री दोनपर्यंत पुस्तक समोर, मग अंथरुणात डोळे टक्क उघडे. सकाळी पोटात कळ यायची, घास उतरायचा नाही. आत्याने ओवा दिला, मग काढा दिला. मासिक पाळी चुकली तेव्हा तिने मला वेगळ्याच शंकेने निरखून पाहिलं, आणि त्या नजरेने मी आणखी मिटून गेले. हे सगळे एकाच दुखण्याचे धागे आहेत, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या काळात मुलीची पाळी पुढेमागे होणं ताणामुळेही असतं, हे निदान आज तरी प्रत्येक आईला माहीत असायला हवं. म्हणून मी ते इथे लिहिते आहे.

भौतिकशास्त्राच्या पेपरला प्रश्नपत्रिका हातात आली. पहिला प्रश्न ओळखीचा होता. दुसराही. लिहायला घेतलं आणि बोटांना मुंग्या आल्या. छाती धडधडायला लागली, ओठ बधिर झाले, समोरची अक्षरं हलायला लागली. मी मरते आहे, असं मला स्पष्ट वाटलं. पर्यवेक्षक बाईंनी पाणी दिलं, खिडकीजवळ बसवलं. मी परत बाकावर आले तेव्हा रटलेल्यातलं एकही सूत्र आठवत नव्हतं. निकालात भौतिकशास्त्र गेलं.

त्या दिवशी मला काय झालं होतं ते मी पुष्कळ वर्षांनी समजून घेतलं, आणि आता दर वर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. घाबरलं की श्वास वरवर आणि भराभर होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. बोटांना मुंग्या, ओठांना बधिरपणा, चक्कर, हे सगळं त्यातून येतं. हृदय बंद पडत नसतं. पण ठाऊक नसलेल्या मुलाला ते मरणच वाटतं, तो आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो. याच वेळी शरीरात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढलेलं असतं, आणि अशा अवस्थेत पाठ असलेली गोष्टही आठवणीतून वर काढणं अवघड होतं. पेपर संपून बाहेर आलं की उत्तर धडाधडा आठवतं, हा अनुभव पुष्कळांना असतो. अभ्यास गेलेला नसतो, त्या घटकेला वाट बंद झालेली असते.

म्हणून हॉलमध्ये असं झालं तर पेन खाली ठेवायचं. दोन्ही तळपाय जमिनीला टेकवायचे. श्वास नाकाने आत घ्यायचा आणि घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून सावकाश सोडायचा. पुन्हा पुन्हा, मुंग्या ओसरेपर्यंत. यात काही मिनिटं जातात आणि मुलांना ती वाया गेली असं वाटतं. पण राज्य शिक्षण मंडळाने २०२३पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत. ती अशासाठीच आहेत असं मी माझ्या वर्गाला सांगते. मग प्रश्नपत्रिकेत जे सगळ्यात सोपं दिसेल ते लिहायला घ्यायचं, क्रम गेला तरी चालेल. एक उत्तर कागदावर उतरलं की पुढचं यायला लागतं. हे सगळं घरी आधी करून पाहावं लागतं. घड्याळ लावून, टेबलावर बसून, जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण तीन तास सोडवताना मुद्दाम मध्येच थांबून हा श्वास घ्यायचा. ऐन पेपरात पहिल्यांदा करू म्हटलं तर ते सुचत नाही.

जुनी प्रश्नपत्रिका म्हटली म्हणून सांगते. आमच्याकडे अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणं. वाचलेलं ओळखीचं वाटायला लागतं आणि ओळखीचं वाटलं की आलं असा समज होतो. पुस्तक मिटून आठवून लिहिणं ही वेगळी मेहनत आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलं, की पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त उरतं. मला त्याचा दुसरा फायदा अधिक मोलाचा वाटतो. घरी अनेकदा कोऱ्या कागदासमोर बसलेल्या मुलाला हॉलमधला कोरा कागद परका वाटत नाही.

आणि झोप. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेतच होतं. पेपरच्या आदल्या रात्री जागणारं मूल आधीचा अभ्यास उधळून नवीन दोन पानं पदरात घेत असतं. घरातल्या मोठ्यांनी यात एकच करायचं: रात्री दिवा चालू दिसला तर कौतुक करायचं नाही, उठून तो बंद करायचा.

थोडा ताण वाईट नसतो, हेही मुलांना सांगावं. यर्क्स आणि डॉडसन या दोघांचं १९०८चं जुनं संशोधन आहे. उंदरांवरचे प्रयोग होते ते, पण त्यातून निघालेली गोष्ट माणसांच्या बाबतीतही पुढे मानली गेली: अवघड काम असेल तर मध्यम उत्तेजनेत ते सगळ्यात चांगलं होतं, अति झालं की बिघडतं. पेपरच्या सकाळी पोटात गोळा येतो तो येऊ द्यावा. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्रांशी बोलणं बंद झालं, आणि हे आठ-पंधरा दिवस टिकलं, तर मात्र तो ताण परीक्षेपुरता राहिलेला नाही असं समजावं.

आता माझ्या निकालाकडे येते, कारण खरं सांगायचं आहे ते तिथे आहे.

निकाल घ्यायला बाबा सकाळच्या एसटीने यवतमाळला आले. आम्ही कॉलेजातून गुणपत्रिका घेतली आणि बसस्थानकावर येऊन बसलो. मी रडत नव्हते, अंग थंड पडलं होतं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. म्हणाले, "येकच विषय गेला ना वं?" मी मान हलवली. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आपल्याकडं पाऊस दगा देते तवा काय करतो आपन? दुबार पेरतो. बियान्याले पैसे नसले तं हातउसने घेतो, पन वावर पडीक ठेवत नाही. ऑक्टोबरले बस पुन्ना." मी काकांचं विचारलं. "थो बोलला असन. पोरगी माही हाये," एवढंच ते म्हणाले.

दिवाळीपासून मे-जूनपर्यंत ज्याने मला जाळलं, ते लग्न बाबांच्या मनात कधी नव्हतंच. दिवाळीत ते गप्प बसले ते मोठ्या भावापुढे बोलायचं नाही म्हणून. हे त्यांनी मला जानेवारीत सांगितलं असतं, किंवा मला विचारता आलं असतं, तर मी भौतिकशास्त्रात पास झाले असते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच पुस्तकावर, त्याच तयारीवर मी ऑक्टोबरमध्ये पास झाले. मधल्या महिन्यांत अभ्यास फार वाढला नव्हता. हरलं तरी घर आपलं आहे, एवढंच नवीन कळलं होतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, आणि ते मी दर वर्षी पालकसभेत आग्रहाने मांडते. निकाल वाईट लागला तर काय करायचं, हे परीक्षेच्या आधी घरात बसून, मोठ्याने, पैशांच्या हिशेबासकट ठरवा. दिवाळीच्या सुट्टीत ठरवा, फार तर जानेवारीत. काही पालकांना हे अशुभ वाटतं; नापास होण्याची गोष्ट तोंडातून काढली तर मूल ढिलं पडेल अशी त्यांना भीती असते. माझा अनुभव उलट आहे. वाट माहीत असलेलं मूल मन लावून अभ्यास करतं. वाट माहीत नसलेलं मूल पुस्तक उघडून भिंतीकडे बघत बसतं.

ठरवायला आज पुष्कळ आहे, माझ्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. आमच्या काळी नापास मुलांना ऑक्टोबरची वारी असायची. तिचा निकाल लागेपर्यंत प्रवेश संपलेले असायचे आणि वर्ष हातचं जायचं. दहावीसाठी २०१५पासून पुरवणी परीक्षा जुलैमध्ये घ्यायला सुरुवात झाली, पुढे बारावीलाही तीच सोय झाली, आणि वर्ष वाचायला लागलं. २०२५मध्ये तर बारावीचा निकाल ५ मेला आणि दहावीचा १३ मेला लागला, आणि पुरवणी परीक्षा जूनअखेरीस सुरू झाली. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पास झालो पण गुण कमी पडले, तर श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येतं. दहावीनंतर आयटीआय आहे, यवतमाळचं शासकीय तंत्रनिकेतन आहे. बारावीनंतर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत, नर्सिंग आहे, फार्मसी आहे, साधी बी.एस्सी. आहे. मी बी.एस्सी.च केली, मग बी.एड. नीट देणाऱ्या मुलांच्या घरी दुसरं बोलणं हवं: किती वेळा द्यायची, तोवर खर्च कोण करणार, आणि त्यानंतर काय. आकडा ठरलेला असला की मुलाला दर वर्षी नव्याने गुन्हेगार असल्यासारखं वाटत नाही.

खर्चाचं मुलांपासून लपवू नये. आमच्या भागातली मुलं शेतातला तोटा बघतात, कर्जाचं बोलणं भिंतीआडून ऐकतात, आणि आकडा माहीत नसला की मनात तो दुप्पट करतात. आपल्या फीमुळे बाप बुडाला, असं मला एका मुलाने सांगितलं होतं. त्याच्या बापाला मी बोलावलं, तेव्हा कळलं की फीचे पैसे कधीच फिटले होते, कर्ज विहिरीचं होतं. मुलासमोर वही उघडून तेवढं दाखवल्यावर तो मुलगा त्या रात्री झोपला.

इथे एक जड गोष्ट बोलायलाच हवी. यवतमाळचं नाव देशभर शेतकरी आत्महत्यांमुळे पोचलं. २०१५मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला जिल्हा आहे. आशाताई घरी येऊन बापाची झोप, जेवण, बोलणं विचारतात. त्याच घरातल्या बारावीच्या मुलालाही तेच प्रश्न कुणीतरी विचारायला हवेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२मध्ये देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. मूल म्हणालं की "मी नसलो तर बरं होईल", आवडीच्या वस्तू वाटायला लागलं, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोललं, तर ते नाटक आहे असं कुणीही म्हणू नये. थेट विचारावं, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नये. शेतीची औषधं घरात असतील तर ती कुलपात ठेवावीत, किल्ली मोठ्यांजवळ. हे परीक्षा नसतानाही करावं.

मदतीला फोन आहे. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे. परीक्षेच्या दिवसांत मंडळ विभागवार समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं. आपला विभाग अमरावतीचा, ते क्रमांक शाळेतून लिहून घ्या. समोरासमोर डॉक्टरांशी बोलायचं असेल तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तिथे गेलं म्हणजे पोरगं वेडं ठरतं असं अजूनही काही घरांत मानतात, मुलीच्या बाबतीत तर लग्न जमणार नाही म्हणून टाळतात. हे ऐकून मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. पोट दुखलं तर आपण डॉक्टरकडे नेतोच ना?

शिकवणीवाल्यांशीही बोलायला शिका. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५च्या निकालात मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, मदतीचे क्रमांक ठळक लावावेत, गुणांप्रमाणे मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. या सूचना शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. फी भरताना पालकांनी हे विचारलं पाहिजे: तुमच्याकडे समुपदेशक कोण आहे, आणि चाचणीनंतर जागा बदलता का?

मुलांसाठी एक छोटी गोष्ट राहिली. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं, की पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली तर जास्त घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात. मी हे वर्गात करून घेते. काय लिहिलं ते मी वाचत नाही, कागद त्यांचा त्यांनी फाडायचा. पण एकदा एका मुलीने तो फाडला नाही, माझ्या हातात दिला. "बारावीत गेली तर लग्न" असं त्यावर लिहिलेलं होतं. त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांना ओसरीवर बसवून तिच्यासमोर विचारलं, आणि त्यांनी तिच्यासमोर उत्तर दिलं.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता संकेतस्थळ उघडतं आणि बराच वेळ अडकतं. तोवर घरी कुणीतरी मुलाजवळ बसलेलं असावं. पाहुण्यांचे फोन मोठ्यांनी घ्यावेत आणि गुण सांगायचे की नाही ते मुलाला विचारून सांगावेत. विषय गेला असेल किंवा गुण पटत नसतील तर त्याच आठवड्यात कॉलेजात जा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन आणि पुरवणीचा अर्ज, प्रत्येकाची मुदत वेगळी आणि थोडी असते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. कार्यालयात मुलाला एकटं पाठवू नका.